विमा न काढलेली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा तिथेही हा विषय शिताफीने टाळते — जणू त्याला माहीतच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी तो प्रश्न विचारला, म्हणून.

आमचा जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांचा ग्रुप आहे. हसा खुशाल, घरचेही हसतात. लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात, आम्ही बाटल्या जमवतो — औषधाच्या, शाईच्या, सोड्याच्या. हल्ली हे सगळं ऑनलाइन लिलावात मिळतं. बोली लावायची, देव पाण्यात घालून बसायचं, आणि मिळाली तर पार्सलची वाट बघायची. तर एका नव्या सभासदाने विचारलं होतं — पहिलीच बाटली मिळाली आहे, पार्सलचा विमा काढू की नको? झालं, दोन तट पडले. एक बाजू म्हणे, काच आहे बाबा, काढ. दुसरी म्हणे, विमा काढला की आत मोलाचं काही आहे हे सगळ्या जगाला कळतं, वाटेतच गायब होईल. मग कुणीतरी लिहिलं, ताईंना विचारा, त्यांनी भोगलंय.

ताई म्हणजे मी. मी लिहिलं, ‘विमा काढाच. आमच्या एका चाचांची बाटली अशीच बिनविम्याची आली आणि फुटली. जन्मभराची हळहळ.’ सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी फोन पालथा ठेवला. तेव्हापासून कामात लक्ष नाही, दोनदा भाजीत मीठ विसरले.

थोडं मागून सांगते. नाही — मागून सांगितलं तरी शेवटी तिथेच यायचं आहे, पण मला एकदम तिथे जाता येत नाही.

मी तळवलीची. जन्म इथला, लग्नही गावातल्या गावात. सासऱ्यांची भातशेती होती, ती नवं शहर वसवताना सरकारने घेतली. आता आमची बिल्डिंग आहे, भाडेकरू आहेत, ऐरोलीच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरंपोरी. त्या बिल्डिंगचा पाया खणताना मातीतून एक हिरवट बाटली निघाली. गोटी सोड्याची. तुम्ही प्यायला असाल कधीतरी — गळ्यात काचेची गोटी असते, आतल्या गॅसच्या जोराने ती तोंडाशी घट्ट बसते, आणि प्यायच्या वेळी अंगठ्याने ती आत ढकलायची. इतकी वर्षं जमिनीखाली राहून त्या बाटलीला साधा टवका उडाला नव्हता. मी ती धुतली आणि खिडकीत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, “आगो, त्या काचंचा काय करनार हाय तू?” मला तरी कुठे माहीत होतं? पण तिथून वेड लागलं ते लागलंच.

वेडाला मान लागतो, हे मला नंतर कळलं. ग्रुपमधली मोठी मंडळी डॉक्टर, वकील, पुण्या-मुंबईचे निवृत्त साहेब. एकदा वाशीच्या एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरलं. माझं टेबल लावलं होतं टॉयलेटकडे जायच्या वाटेवर. एका साहेबांनी माझ्या बाटल्या बघितल्या आणि अगदी प्रेमाने विचारलं, “ताई, भंगारवाल्याकडून किलोवर घेता का?” आजूबाजूचे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले, हे कुणाला सांगायचं? त्या दिवशी ठरवलं — एक तरी बाटली अशी आणायची की या सगळ्यांना माझ्या टेबलापाशी वाकून उभं राहावं लागेल.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. कारणं माझ्याकडे बरीच होती, एकही कामाचं नाही.

उस्मानचाचा त्याच प्रदर्शनात भेटले. मुलगी, नाजनीन, हाताला धरून त्यांना टेबलाटेबलापाशी नेत होती. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बस. ते प्रत्येक सोड्याची बाटली हातात घ्यायचे, अंगठा तिच्या पोटावरून फिरवायचे आणि परत ठेवायचे. साहेब लोकांना ते आवडत नव्हतं. माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी म्हटलं, चाचा, बसा निवांत, सगळ्या बघा. त्यांनी सगळ्या बघितल्या, म्हणजे चाचपल्या. मग म्हणाले, “नाय बाय. माझ्या बापाची नाय यात.”

त्यांच्या वडिलांचा रायगडात खाडीकाठी सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पडवी, एक यंत्र आणि घरचीच माणसं. पण वडील हौशी. त्यांनी नाव कोरलेल्या बाटल्या मागवल्या होत्या. काचेतच उठावाची अक्षरं — रहमान अँड सन्स — आणि खाली एक मचवा, म्हणजे शिडाची होडी, शीड फुगलेलं. चाचा लहानपणी त्या बाटल्या धुवायचे. साबणाच्या पाण्यात हात घातला की आधी शीड बोटाला लागायचं, म्हणायचे. पुढे कारखाना बसला, थोरल्या भावाने बाटल्या काचेच्या भावात विकल्या, त्या वितळल्या. एकही उरली नाही. वडिलांचा फोटो नव्हता, घर भावाकडे गेलं. “तो मचवा एकदा हाताला लागला पायजे मना,” म्हणाले.

‘मना’. माझ्या सासूबाईही ‘मला’ म्हणायच्या ऐवजी ‘मना’ म्हणतात. तो एक शब्द ऐकून मला ते आपल्या घरातलेच वाटले. मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, चाचा, मी शोधून देईन. ते मी खोटं बोलले नव्हते. तेवढं मात्र खरंच मनापासून बोलले होते.

आणि ती सापडली. गुजरातमधल्या कुणाच्या तरी माळ्यावरची, लिलावात आलेली. फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला. अक्षरं कशी ठसठशीत, मचव्याची एकेक दोरी दिसत होती. मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, काय लागेल ते लाव. पैसे त्यांचे, बोली माझी. बाटली आम्हाला मिळाली.

आम्हाला. बघा, अजूनही जीभ कशी वळते. बाटली त्यांना मिळाली.

विकणाऱ्याने विचारलं, विमा काढायचा का? काढणार असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा, त्याशिवाय भरपाई मिळत नाही. चाचा जन्मभर गोदीत माल सोडवायच्या धंद्यात होते. त्यांनी आधीच बजावलं होतं — “विमा काढ, बाय. विम्याचा माल हमालसुद्धा जपून उचलतो.” मी त्यांना काय सांगितलं असेल? सांगितलं की आमच्यात विमा काढत नाहीत, त्याने चोरांचं लक्ष जातं. ग्रुपमधले निम्मे लोक हेच म्हणतात, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. चाचा म्हणाले, तू यातली जाणकार, तुला कळेल ते कर. आणि मी विकणाऱ्याला लिहिलं — विमा नको.

का नको? पैसे वाचवायला? ते माझे नव्हतेच. चोरांच्या भीतीने? इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, नंतर मोह झाला. तसं नाही ते. विमा काढलेली वस्तू गुपचूप हरवत नाही, गुपचूप फुटत नाही. कुणीतरी विचारतं, बघायला मागतं, व्हिडिओ दाखवा म्हणतं. हे मला ‘नको’ लिहिताना ठाऊक होतं. पार्सल निघायच्या आधीच मी ते फोडलं होतं.

पार्सल दुपारी आलं. घरी कुणी नव्हतं. गच्चीवर नेऊन उघडलं. गवत, गुजराती वर्तमानपत्रं, त्यांच्या घड्यांत ती. अख्खी. उन्हात धरली तर काचेतला मचवा हलल्यासारखा वाटला. गोटी गळ्यात टक करून वाजली. मी तिला मांडीवर घेऊन बसले. मग खाली आले आणि चाचांना फोन लावला. म्हटलं, “चाचा, फुटली.”

आणि मी रडले. रडू खोटं नव्हतं, हेच तर मला आजही समजत नाही. चाचाच माझी समजूत घालायला लागले. “रडू नको, बाय. काचंचं काय, फुटायचीच ती. तू तरी काय करशील?” मी त्यांचे पैसे परत देते म्हटलं. ते नको नको म्हणाले, मी ऐकलं नाही. मला ते पैसे द्यायचेच होते — म्हणजे मग बाटली मी विकत घेतल्यासारखी होईल ना? विमा कंपनी काय करते? पैसे देते, वस्तू देत नाही. तेच मी केलं, आणि वर मनाची मोठी ठरले. नाजनीनने ग्रुपवर लिहिलं की ताईंसारखी माणसं मिळत नाहीत. ज्या साहेबांनी मला भंगारवाल्याबद्दल विचारलं होतं, त्यांनीही खाली दोन ओळी लिहिल्या.

मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी चाचांचा फोन. “तुकडे हायत ना, बाय? टाकू नको. तेच घेऊन ये.”

खोटं बोलणं सोपं असतं हो, त्याला पुरावा लागतो तेव्हा कंबर मोडते. आता तुकडे कुठून आणू? सांगू शकले असते की टाकले, घंटागाडीत गेले. का नाही सांगितलं? कारण तेवढ्याने त्यांचं मन मोडेल असं मला वाटलं. मन मोडेल! काय बाई आहे मी, बघा. मग माझ्या फळीवरची एक साधी सोड्याची बाटली उचलली, नाव नसलेली, चित्र नसलेली. गोणपाटात गुंडाळली आणि पाट्यावरच्या वरवंट्याने फोडली. तळाची काच जाड असते, फुटता फुटेना. सासूबाई आतून ओरडल्या, काय कुटतंस? मी म्हटलं, खोबरं.

ते तुकडे मी त्याच खोक्यात भरले, त्याच गवतात, त्याच गुजराती कागदात.

वाशीला त्यांच्या घरी गेले. नाजनीनने टेबलावर स्टीलचं ताट ठेवलं आणि त्यात तुकडे ओतले. कॉलेजात शिकवणारी बाई ती, हुशार. तिने सहज विचारलं, “उघडताना व्हिडिओ काढला असेल ना तुम्ही?” मी म्हटलं, विमाच नव्हता, व्हिडिओ कशाला काढू? तिने मान हलवली. मग तुकडे उजेडात धरून बघायला लागली आणि म्हणाली, यावर तर अक्षरं कुठेच दिसत नाहीत. मी तयारीत होते. म्हटलं, नेमकं तिथेच फुटली, त्या जागेचा चुराच झाला.

चाचांनी आधी तो कागद नाकाशी नेला, मग एकेक तुकडा घेऊन अंगठा फिरवायला लागले. सावकाश. प्रदर्शनात फिरवत होते तसाच. एका तुकड्याने बोट कापलं, नाजनीन उठली, त्यांनी तिला हातानेच बसवलं. मी चहाच्या कपाकडे बघत होते. मनात म्हणत होते, लवकर आटपू दे, मला घरी जाऊ दे.

मग ते थांबले. तळहाताच्या निम्म्याएवढा तुकडा होता. अंगठा पुढे गेला, परत मागे आला. चेहरा बदलला त्यांचा. म्हणाले, “हे शीड हाय.”

नाजनीनने तुकडा घेतला, खिडकीशी नेला, तिरका करून बघितला. हळूच म्हणाली, “अब्बा, ती नुसती चीर आहे. फुटताना पडलेली.” ते म्हणाले, “तुला नाय कळायचं. बाय, तू सांग. तुला कळतं यातलं.” त्यांनी माझा हात शोधला, माझं बोट धरलं आणि काचेवर टेकवलं. “लागतंय ना?”

इथे यायचं होतं मला. बाटली ठेवून घेतली, ते आहेच. विमा काढला नाही, तुकडे केले, पैसे देऊन थोरवी मिळवली, ते सगळं आहेच. पण त्या क्षणी — माझं बोट त्यांच्या हातात होतं, बोटाखाली गुळगुळीत काच आणि एक चीर होती, आणि खरा मचवा माझ्या घरी कपाटात साड्यांच्या मागे होता. अजूनही वेळ होती. चाचा, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. ते रागावले असते, नाजनीनने हाकलून दिलं असतं, ग्रुपमधून काढलं असतं, गावात छी थू झाली असती. झाली असती तर झाली असती. पण त्यांच्या अंगठ्याखाली बापाचा मचवा आला असता.

मी म्हटलं, “हो चाचा. शीडच आहे.”

नाजनीनने माझ्याकडे बघितलं. तिला शंका आली असेल, असं तेव्हा वाटलं होतं. नाही. तिच्या डोळ्यांत उपकार होते. तिला वाटलं, मी म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं.

बाटली मी कधीच कुणाला दाखवली नाही. कशी दाखवणार? फोटो टाकला की नाव दिसणार, नाव दिसलं की नाजनीनला कळणार. प्रदर्शनं झाली, माझं टेबल अजून तिथेच असतं, त्याच वाटेवर. बाटली कपाटात आहे. ठाणे-बेलापूर रोडवरून मोठा ट्रेलर गेला की कपाट जरासं थरथरतं आणि गोटी गळ्यात वाजते. टक. हे विचारतात, काय गं वाजलं? मी म्हणते, बिजागरी सैल झाली आहे. बिचाऱ्यांनी दोनदा स्क्रू आवळले.

गेल्या वर्षी चाचा गेले. मी माहेरी पूजा आहे असं सांगून मय्यतीला गेले नाही. पुढे काही महिन्यांनी नाजनीन स्वतःच तळवलीला आली, पत्ता विचारत विचारत. चहा घेतला, सासूबाईंशी बोलली. मग पर्समधून मखमलीची थैली काढून माझ्या हातात दिली. आत तो तुकडा होता आणि त्या साध्या बाटलीची गोटी. तुकड्याच्या कडा कुणीतरी पॉलिश पेपरने घासून गोल केल्या होत्या. ती म्हणाली, अब्बांनीच घासल्या, रोज थोड्या थोड्या, कापू नये म्हणून. रोज संध्याकाळी तो हातात घेऊन बसायचे आणि कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. शेवटी शेवटी बोलणं गेलं, तरी अंगठा फिरत होता. त्यांनी सांगून ठेवलं होतं की हा बायला द्या, तिला याची कदर आहे.

जाताना दारात थांबून म्हणाली, “मला त्यावर कधीच काही दिसलं नाही हो. पण तुम्ही त्या दिवशी हो म्हणालात, त्यावर त्यांनी इतके दिवस काढले.” मी काय म्हटलं? सावकाश जा, म्हटलं. रिक्षा नाक्यावर मिळेल.

ती असतानाच कपाट उघडायला हवं होतं. चार पावलांवर होतं. मी उघडलं नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही, आणि करीन असंही इथे लिहीत नाही.

कधीतरी दुपारी घरात कुणी नसलं की दोन्ही बाहेर काढते. आधी थैलीतला तुकडा घेते. डोळे मिटून अंगठा फिरवते, पुढे, मागे, चाचा फिरवायचे तसा. काही लागत नाही. चीरसुद्धा आता घासून गेली आहे. मग बाटली घेते, आणि शीड लगेच लागतं.